लागला की सांगा

"लागला," ती म्हणाली.

मिटलेल्या डोळ्यांपुढच्या अंधारात डॉक्टरांच्या खुर्चीची चाकं कुरकुरली. मग लहान मुलाची चोरी पकडल्यावर मोठी माणसं बोलतात तशा मऊ आवाजात ते म्हणाले, "बाई, मी अजून टेकवलेलाच नाही."

तिने डोळे उघडले. डॉक्टरांच्या चिमटीत कापसाची बारीक वात होती, आणि ती तिच्या बोटांपासून चांगली वीतभर लांब होती. टेबलावर तिचा उजवा हात तळवा वर करून पडला होता, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. बशी फुटली म्हणून ती आली होती. तीन आठवड्यांत दोन कप, एक बशी. प्रत्येक वेळी तिला वाटलं होतं की वस्तू हातात आहे, आणि आवाज मात्र फरशीवरून आला होता. "परत करू," डॉक्टर म्हणाले, "घाई नाही. लागला की सांगा, नाही लागला तर गप्प बसा. सोपं आहे." तिने डोळे मिटले. आता चुकायचं नाही असं ठरवून तिने सगळा जीव बोटांच्या टोकांत आणून ठेवला. कापूस आला, टेकला, सरकला. पहिल्या बोटाला, मग करंगळीला, मग परत पहिल्या. लागला, लागला, लागला. संपल्यावर डॉक्टरांनी समोरच्या कागदावरच्या खुणा मोजल्या आणि ते हसले. वाईट हसले नाहीत. "बारा वेळा टेकवला. तुम्ही सोळा वेळा लागला म्हणालात. त्यातले पाचच खरे. बहुतेक माणसं उलट करतात, कळलं नाही की गप्प बसतात. तुम्हाला परीक्षेत पास व्हायचीच घाई." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मनगटातून बोटांकडे जाणाऱ्या नसा थकल्यात, गोळ्या देतो, फार आशा ठेवू नका. गरम भांडं धरताना, जिना उतरताना, सुरी चालवताना हाताकडे बघायचं. "आता हातांवर विसंबू नका. डोळ्यांनी खात्री करून घ्या." एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला बोलावलं.

ती जिन्यात आली तेव्हा पिशवीतला फोन वाजत होता. क्लबचा चिटणीस. "ताई, कागद बघितलात ना? रंगारी उद्या सकाळी सातला शिडी लावतोय. संध्याकाळपर्यंत सही मिळाली की मी सुटलो."

"बघते."

"बघायचं काय त्यात? तुमचा गोल पोराटोरांना पाठ आहे."

"पाठ आहे खरा," ती म्हणाली. चिटणिसाला तो विनोद वाटला. तो हॅ हॅ करून हसला आणि फोन ठेवला. कागद पिशवीत होता, चार घड्यांचा. जुन्या मैदानावर निळी कृत्रिम हिरवळ अंथरली होती, रविवारी उद्घाटन होतं, आणि आत शिरतानाच्या भिंतीवर क्लबची दहा ओळींची कीर्ती रंगवायची होती. सातवी ओळ तिची. 'निर्णायक गोल' आणि पुढे तिचं नाव, 'सेंटर फॉरवर्ड, शेवटचं मिनिट.' खाली सहीसाठी ठिपके. चार दिवस ती तो कागद पिशवीत घेऊन हिंडत होती. आज सकाळपर्यंत तिने स्वतःला सांगितलं होतं की चष्मा सापडत नाही म्हणून सही राहिलीय.

घरची बस आली. तिने ती जाऊ दिली. दुसरी आली, तीही. थांब्यावरच्या बाकावर तिला बसवेना. पायांना काहीतरी हवं होतं. गुडघे कुरकुर करत होते तरी पाय चालायला लागले, आणि ती त्यांच्या मागून गेली. रस्त्याच्या कडेला पाइप टाकायला खणलेलं, त्यावर फळ्या ठेवलेल्या. काचेच्या दुकानात शिडीवरचा माणूस खिडकी पुसत होता. एका न्हाव्याने गिऱ्हाइकाची मान वाकवून धरलेली. ती चालता चालता सगळ्याला हात लावून बघत होती. कठड्याला, विजेच्या खांबाला, उभ्या मोटारीच्या टपाला. लागला? खांब समोर दिसत होता, हात त्यावर दिसत होता, म्हणून लागला असणार. पण डोळे काढून घेतले की खांबही जायचा. लागला की सांगा. हेच शब्द. एक्केचाळीस वर्षांपूर्वी एका टकल्या पंचाने शिट्टी ओठांतून न काढता हेच विचारलं होतं, "लागला?" आणि तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

हॉकीत गोलसमोर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने आखलेलं अर्धवर्तुळ असतं, खेळणारे त्याला डी म्हणतात. डीच्या आतून मारलेला चेंडू जाळीत गेला तर गोल. रेघेवरचा चेंडूही आतलाच धरतात. पण डीच्या बाहेरून तुम्ही कितीही जोरात मारा, चेंडू जाळी फाडून पलीकडे गेला तरी तो गोल नाही. मध्ये, डीच्या आत उभ्या असलेल्या आपल्या एखादीच्या स्टिकला तो निसटता जरी लागला, तर मात्र गोल. आणि मग गोल तिचा. ती जन्मभर अशी निसटत्या स्पर्शाची खेळाडू होती. धावण्यात बेताची, अंगाने काटकुळी, पण गोलच्या डाव्या खांबाशी दबा धरून बसायची, दुधाच्या भांड्याशी मांजर बसतं तशी. म्हणून तिला सगळ्या मनी म्हणायच्या. आणि पाठीमागे फुलबॅक म्हणून खेळायची ती हातोडी. हातोडीच्या मनगटात काय होतं कोण जाणे. तिने मारलेला चेंडू दिसायचा नाही, फक्त ऐकू यायचा. त्या दोघींचं एक ठरलेलं काम होतं. हातोडीने लांबून ठोकायचं, मनीने वाटेत स्टिक आडवी घालायची. कोच सांगायचे, "गोलसमोर उभी राहणारीला दोन कामं. स्टिक आडवी घालायची, आणि मग ती वर करायची. लागला-बिगला नंतर बघू. तुमची स्टिक वर गेली की पंचाचं मन अर्धं तयार होतं." आणि ते याचा सरावसुद्धा घ्यायचे. सगळ्या दमून पाण्याकडे पळाल्या की तिला एकटीला थांबवून वीस वेळा: आडवी, वर. आडवी, वर. चेंडू नाहीच. नुसती आडवी, वर. त्या वेळी तिला हसू यायचं. आज रस्त्यावरून चालताना तिचा खांदा आपोआप उचलला गेला आणि समोरून येणारा टपालवाला दचकून बाजूला झाला.

शेवटचं मिनिट. एकास एक. त्यांच्या गोलसमोर चौदा-पंधराजणींची झुंबड, कुणाचा तरी कोपर तिच्या बरगडीत, गोलकीपरच्या पॅडांचा ओल्या चामड्याचा वास. चेंडू झुंबडीतून सुटून डीच्या टोकाकडे गेला आणि मागून हातोडी धावत आली. आवाज झाला. तिने स्टिक आडवी घातली. गोलच्या मागच्या फळीवर थाड. आणि तिची स्टिक वर होती. स्टिक आधी वर गेली की फळी आधी वाजली, तेही तिला सांगता आलं नसतं. तिच्या हाताला काहीच कळलं नव्हतं. खरं घोडं तिथंच पेंड खात होतं. ज्यांनी कधी स्टिक धरलेली नाही त्यांना वाटतं, लागलं असतं तर कळलं असतं. तसं नसतं. चेंडू चुकीच्या जागी लागला तर कोपरापर्यंत झिणझिण्या येतात, दात वाजतात. पण नेमका लागला तर हाताला कळतच नाही. लोणी कापल्यासारखा निघून जातो. म्हणजे काहीच न कळणं हा एक तर आयुष्यातला सगळ्यात सुंदर स्पर्श होता, किंवा काहीच झालं नव्हतं. पंच धावत आला. त्याला चेंडू डीच्या आतून मारला की बाहेरून ते दिसलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत ती शंका होती. "लागला?" आणि बावीस वर्षांच्या मनीने, जिचा घसा धुळीने कोरडा पडला होता आणि जिच्या वडिलांनी पुस्तकबांधणीच्या कापडाने गुंडाळून तिला पहिली मोडकी स्टिक दिली होती, 'लागला' म्हणत मान डोलावली. शिट्टी झाली. मग तिच्या अंगावर आठ-नऊ पोरी पडल्या. त्या घामट, रडक्या, किंचाळणाऱ्या ढिगाऱ्याखालून, कुणाच्या तरी काखेच्या फटीतून तिला दिसलं की हातोडी आलेलीच नाही. ती डीच्या टोकाशी वाकून उभी होती. बुटाची नाडी बांधत असावी, असं मनीने ठरवलं. ती तसं इतकी वर्षं ठरवत आली होती. हातोडीच्या बुटाला नाड्या नव्हत्या; ती पट्टा लावायची. हेही तिला माहीत होतं.

पुढे सगळं घरंगळत आलं. त्या वर्षी टेलिफोन खात्याला एक खेळाडू घ्यायचा होता. एकच जागा. साहेब क्लबला म्हणाला, "दोघीतिघी पाठवू नका, गोल केलेली द्या." गोल केलेली दिली गेली. तिने कानाला टोप लावून सव्वीस वर्षं लोकांना लोकांशी जोडलं. दिवा पेटला की दोरीचं टोक उचलायचं, भोकात घालायचं. न बघता बोटांना भोक सापडायचं. वरिष्ठ बाई नव्या मुलींना सांगायच्या, हिचा हात बघा. राष्ट्रीय संघात ती नऊ वर्षं खेळली, एक वर्ष कॅप्टन होती, चार देश बघितले, म्हणजे चार देशांतली मैदानं आणि विमानतळांवरची बाकं. चाळीसच्या वर गोल केले. त्यातले पस्तीस तरी चोख, कुणाचाही बाप नाकारणार नाही असे. पण विचारायला येणारा प्रत्येक माणूस तो एकच विचारायचा. सुरुवातीला ती म्हणायची, "लागला आणि गेला." मग शाळेच्या एका कार्यक्रमात, मुलं गप्प बसावीत म्हणून, तिने सांगितलं की फुलपाखरू बसल्यासारखा लागला. टाळ्या पडल्या. पुढच्या वेळी फुलपाखरू आलंच. मग मनगटातल्या शिरशिरीची भर पडली. मग, खोटं कसं चढत जातं बघा, एका वर्षी तिला हाताला ती शिरशिरी खरंच आठवायला लागली. रात्री नव्हे, दिवसाढवळ्या, कणीक मळताना. आणि आता खऱ्या बोटांना खरा कापूस कळत नव्हता, पण ते फुलपाखरू मात्र अजून बसलेलं होतं. सगळं झिजलं आणि न घडलेलं तेवढं टिकलं. हा विचार आला तेव्हा ती रस्ता ओलांडत होती, मध्येच थांबली, दोन हॉर्न वाजले.

हातोडीला नोकरी लागली नाही. तिने कधी तक्रार केली नाही, आणि हीच तक्रार होती. उलट दोन वर्षांनी तीच म्हणाली, "आमच्या दादाला कुणी आवरत नाही. मनी आवरेल." अशी मैदानावरची फुलबॅक घरातली नणंद झाली. लग्नाच्या दिवशी चिडवायला म्हणून मनीने तिला 'वन्सं' म्हटलं, ते तोंडात बसलं ते बसलंच. एकत्र दुखणी काढली, एकत्र दादाला पोचवलं, त्यालाही आता सहा वर्षं झाली. रविवारची जेवणं झाली, भांडणं झाली. त्या गोलाबद्दल अळीमिळी गुपचिळी. कुणी पाहुण्याने विषय काढला की हातोडी पाणी आणायला आत जायची. पेला भरायला किती वेळ लागतो? ती गोष्ट संपेपर्यंत लागायचा. मनीला वाटायचं, एकदा हिने फडाफडा बोलावं. मग वाटायचं, नको. बोलली तर मला उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्यापाशी उत्तर नाही. पाण्यात पाहत असती तरी परवडलं असतं. ती पाणी आणून द्यायची.

पाय थांबले तेव्हा ती हातोडीच्या दुकानासमोर होती. पायांना सकाळपासून ठाऊक असावं. दोन पायऱ्या उतरून खाली अरुंद खोली. भिंतीवर स्टिका उलट्या टांगलेल्या. एका बाजूला लाकूड आवळून धरायचा शेगडा, सरसाचा डबा, पॉलिश कागद, पट्टीच्या गुंडाळ्या. हातोडी स्टुलावर बसून कुणाच्या तरी स्टिकच्या मुठीवर पट्टी गुंडाळत होती, पट्टीचं टोक दातांत धरून. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. वयाची पासष्टी, पण मनगट अजून तेच.

"या वहिनीबाई," दातांतूनच ती म्हणाली. "भर दुपारी? घर जळलं की काय?"

"डॉक्टरकडे गेले होते."

"मग? मरतेयस?"

"नाही."

"मग चहा घे. थर्मासमध्ये आहे. बघ ही काठी, कोळशाच्या धाग्याची म्हणे. फुटली की फेकायची. दुखणं नाही, खुपणं नाही, डागडुजी नाही. आपल्यासारखी नाही."

तिने चहा ओतला. पेल्याकडे डोळे रोखून, दोन्ही हातांनी धरून. मग तिने डॉक्टरांची गोष्ट सांगितली. कापूस, डोळे मिटणं, वीतभर अंतर. सांगताना तिला वाटलं की आपण हे हसण्यावारी सांगतोय, आणि हातोडी हसलीच. पट्टी तोंडातून सुटली. "न टेकवताच लागला म्हणालीस?" ती मांडीवर थापा मारून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, ठसका लागेपर्यंत. "जुनी खोड!" ती म्हणाली.

आणि थांबली.

बाहेर एक हातगाडी खडखडत गेली. हातोडीने पट्टीचं टोक शोधलं. ते सापडलेलं असूनही शोधत राहिली.

"म्हणजे तुला माहीत होतं," मनी म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"वन्सं, सरळ बोल."

"सरळ? एक्केचाळीस वर्षं झाली. आज सव्वादोनला तुला सरळ बोलायचंय?"

मनीने पिशवीतून कागद काढून कामाच्या बाकावर पसरला. हातोडीने तो लांब धरून वाचला, सातव्या ओळीवर डोळे दोनदा फिरले. "रंगाऱ्याचं अक्षर बरं असलं म्हणजे झालं," ती म्हणाली.

"त्या दिवशी तू वाकून काय बघत होतीस?"

हातोडी उठली. गुडघ्यांवर हात टेकत मागच्या भिंतीकडे गेली आणि आकड्याने एक स्टिक खाली काढली. ती स्टिक मनीने शेकडो वेळा बघितली होती. दुकानात शिरलं की समोरच असायची. तुतीच्या लाकडाची, मुठीवरचं कापड काळं पडलेलं. हातोडीने तिचं तोंड उजेडाकडे केलं. चेंडू मारायच्या सपाट बाजूवर, खालच्या कडेला, नखाएवढा पांढरा डाग होता. वरून वॉर्निशचा पिवळट थर चढलेला.

"धूळ आहे असं वाटायचं मला," मनी म्हणाली.

"फक्की आहे. त्या दिवशी हीच माझ्या हातात होती. तू स्टिक वर केलीस, पंच तुझ्याकडे धावला, सगळ्या धावल्या. मी रेघ बघत होते. रेघेतून एवढी चंद्रकोर उडाली होती. चेंडू रेघेवर होता. म्हणजे आत. म्हणजे..."

"म्हणजे तुझा."

"थांब. उगाच सुतावरून स्वर्ग गाठू नकोस. सत्तर मिनिटं बावीसजणी त्या रेघेवर नाचत होत्या. चंद्रकोर कुणाच्याही टाचेने पडेल. फक्की दिवसभरात दहा वेळा लागते. याला काय पुरावा म्हणतात?"

"पण तुला वाटतं."

"वाटतं. रोज दुकान उघडताना हिच्याकडे बघितलं की वाटतं, माझाच होता. बंद करताना वाटत नाही. असं चाललंय."

"बोलली का नाहीस?"

"कुणाला बोलू? गोल झाला, शिट्टी झाली, कप आला. आपल्याच पोरीच्या अंगावर धावून जाऊ, माझा माझा करत? मग तुला नोकरी लागली. मग तू आमच्याच घरात आलीस. मग दादा होता. दर वेळी काहीतरी होतं." हातोडीने स्टिक मांडीवर आडवी ठेवली. "आणि ऐक, माफ कर वगैरे म्हणू नकोस. मला ते जमणार नाही. राग होता, आहे. रविवारी उद्घाटनाला पोटात दुखतंय असं सांगून मी येणार नव्हते."

मनीला वाटलं आपल्याला रडू येईल. आलं नाही. उलट कुठेतरी एक गाठ ढिली झाल्यासारखं झालं. इतक्या वर्षांत कुणी पहिल्यांदा पाण्याच्या पेल्याऐवजी दुसरं काही हातात दिलं होतं. ती घाईघाईने म्हणाली, "मी तुझं नाव लिहिते. आत्ता. माझं खोडते, तुझं लिहिते. लागला नव्हता, वन्सं. माझ्या स्टिकला लागलाच नव्हता."

"तुला माहीत आहे?"

"हो."

"बघ! परत." हातोडीने बाकावर बोटांनी टकटक केलं. "तेव्हा लागला म्हणालीस, आता नाही लागला म्हणतेस. दोन्ही वेळा तेवढ्याच जोरात. मला दान नकोय, मने. आणि लागला असेल तर? मग मी काय, जन्मभर भिंतीवर तुझ्या गोलावर बसू?" तिने मागे हात घालून सुताच्या चिंध्यांतून एक धागा ओढला. "हात पुढे कर. डोळे मिट."

"कशाला?"

"मिट म्हणते ना. लागला की सांग."

तिने हात बाकावर ठेवला, तळवा वर करून. डोळे मिटले. सरसाचा वास जवळ आला, हातोडीच्या श्वासाचा, जुन्या लाकडाचा. वर रस्त्यावर कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं. बोटं कुठे आहेत तेही नीट कळत नव्हतं. मनगटाच्या पुढे नुसता अंधार होता. आणि त्या अंधारात फुलपाखरू बसलं. ती ओळखीची शिरशिरी, मनगटापासून वर येणारी, गोड, चाळीस वर्षं पोसलेली. खांदा उचलायला निघाला. लागला, जीभ म्हणत होती, लागला, लागला, लागला असं म्हण आणि सुट. पंच समोर उभा होता, शिट्टी ओठांत, टकलावर घाम. त्याला घाई होती. सगळ्यांनाच घाई होती. तिने खांदा खाली दाबून धरला. किती वेळ गेला कोण जाणे. चेंडू फळीवर वाजायच्या आधीचा तो एवढासा क्षण ताणत ताणत दुकानभर झाला.

"लागला?" हातोडीने विचारलं.

"माहीत नाही."

"मोठ्याने."

"माहीत नाही," ती म्हणाली. आवाज चिरका आला, पोरीसारखा. हे उत्तर तेव्हाही तिच्यापाशी होतं, फुकटचं, दोन शब्दांचं. कुणी शिकवलं नव्हतं इतकंच.

तिने डोळे उघडले. हातोडीचे हात मांडीवर होते, धागा कुठेच दिसत नव्हता.

"टेकवला होतास?"

"ते तुला काय करायचंय?" हातोडी म्हणाली, आणि तिने चष्मा सारखा केला. "लिही आता. जे माहीत आहे तेवढंच लिही."

पेन मनीच्या बोटांतून दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा ते बाकाखाली गेलं. हातोडीने ते उचललं, शेगड्यात अडकवलं, पट्टीचं टोक दातांत धरलं आणि स्टिकच्या मुठीवर गुंडाळतात तशी पट्टी पेनावर गुंडाळत नेली. तिरकी, घट्ट, वेढ्यावर वेढा, अंगठ्याने दाबत. पेन भाजीच्या गाजराएवढं जाड झालं. "धर. मुठीत धर. आणि हाताकडे बघत राहा." मनीने ते धरलं. हाताला कळलं नाही, पण डोळ्यांना दिसलं की धरलंय. तिने सातव्या ओळीतलं आपलं नाव खोडलं. एक रेघ, जरा वाकडी, पण पुरती. मग कागदाच्या कडेच्या कोऱ्या जागेत अक्षरं काढायला लागली, पहिली इयत्ता शिकणाऱ्यासारखी, एकेक काना बघत. 'फटका हातोडीचा. रेघेवरून की बाहेरून, माहीत नाही.' तिथे ती थांबली, श्वास घेतला, आणि पुढे लिहायला लागली. 'मनीच्या स्टिकला लागला की नाही...'

पिशवीतला फोन वाजला. मनीचे डोळे कागदावरून हलेनात. हातोडीने पिशवीत हात घालून फोन काढला.

"कोण? हां, चिटणीस का. मी तिची नणंद बोलतेय. हो हो, कागद समोरच आहे. सही करतेय... नाही, थोडा बदल आहे." ती पुढे वाकून मनीच्या खांद्यावरून वाचू लागली. कागदाची कड संपत आली होती आणि मनी कागद फिरवून दुसऱ्या कडेला चालली होती. "नाव? नाव नाही हो बदललं नुसतं. ऐका, ती सातवी ओळ एका ओळीत मावत नाहीये. तुमच्या त्या भिंतीवर जागा किती आहे?"